कायद्याने रिकामी

सोमवार, २६ डिसेंबर १९९४

आलो एकदाचे डोंगरातल्या शिकारीच्या खोपीवर! रस्ता बर्फाने भरलेला. विल्मर वाटभर गप्प. धाकटा भाऊ असून म्हाताऱ्यासारखा बसून होता.

त्याचा जावई ब्रेंट पहिल्यांदाच आलाय. पेटीतून बंदूक काढली, तर प्लास्टिकचा दस्ता आणि वर दुर्बीण! म्हणे, "मर्व्हिनकाका, तोंडातूनच भरतात ना हिला? मग ठासणीचीच की!" म्हटलं, "बाबा रे, तोंडातून तर सॉसेजही भरतात." विल्मर तेवढा हसला.

नाताळानंतरच्या या हंगामात कायदा चकमकीची बंदूक मागतो. घोड्याच्या चिमट्यात गारगोटी, नेम धरायला नुसती उघडी माशी, दुर्बीण नाही. कायद्याचं एवढ्यावर भागतं. आमच्या वडिलांचं भागत नसे. दारू स्वतः मोजायची, गोळी स्वतः ओतायची, एक बार चुकला की हरणाला राम राम करायचा. ब्रेंटने तोंड पाडून पेटी गाडीत ठेवली. स्वयंपाक तो करणार आहे. बरंच झालं.

माझी आणि विल्मरची, दोन्ही बंदुका माझ्याच हातच्या, एकाच मेपलच्या फळीतल्या. ओसरीवर टांगल्या. डावी खुंटी विल्मरची, उजवी माझी. आत आणायच्या नाहीत, उबेत नळीला घाम फुटतो आणि दारू ओलावते.

मंगळवार, २७ डिसेंबर

वाटेत शिकारखात्याचा अधिकारी भेटला. तरुण आहे, पण नीट बोलतो. दोघांच्या बंदुका पाहिल्या. बाहेरच्या खळगीतली रंजकेची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, चिमूट झटकलेली होती. "रिकामी आहे, जा," म्हणाला.

ब्रेंट हैराण! "आत मूठभर दारू, वर शिशाची गोळी, आणि ही रिकामी?" हो. कायद्याने रिकामी. रंजक नाही तर ठिणगी आत जाणार कुठून? म्हणून आम्ही संध्याकाळी बार काढत नाही. रंजक झटकतो, बंदूक तशीच टांगतो, सकाळी नवी रंजक घालून निघतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय.

विल्मर म्हणाला, "कायदा खळगी बघतो, मर्व. नळीत काय आहे ते ठासायच्या गजालाच ठाऊक." शहाणाच आहे मोठा!

कॉफीचं भांडं चुलीवर कोरडं जळालं. विल्मरने ठेवलं असणार.

बुधवार, २८ डिसेंबर

दिवसभर बर्फ. एक हरीण नाही. गाडीच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या! मी विल्मरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

गुरुवार, २९ डिसेंबर

जेवणानंतर दोघं लाकडं आणायला गेले होते. मी ओसरीवर. सहज डाव्या खुंटीवरची बंदूक काढली आणि गज आत सोडला.

गजावर मी दोन खुणा कोरल्यात. नळी रिकामी असेल तर पहिली खूण तोंडाशी येते, एक बार असेल तर दुसरी. आज दुसरी खूण तोंडाच्या दोन बोटं वर राहिली! पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

दोन बार. एकावर एक.

कालचा आत असताना आज सकाळी पुन्हा ठासलेला. चाप ओढला असता तर नळी गालाशी फुटली असती. वडिलांच्या मित्राची फुटली होती, मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्याचा चेहरा मी परत कधी नीट पाहू शकलो नाही.

गजाच्या टोकाला स्क्रू लावून दोन्ही गोळ्या ओढून काढल्या. दारू बर्फावर ओतली. बंदूक होती तशी टांगली. कुणाला बोललो नाही. गोळ्या खिशात आहेत.

शुक्रवार, ३० डिसेंबर

विल्मरला विसर पडू लागलाय. दुसरं काही नाही. कॉफी, किल्ल्या, आता हे. सहासष्ट म्हणजे काही वय नाही! मी सत्तरीचा, मला काही झालंय का?

अर्लीनला माहीत असेल. बायकोला सगळं कळतं. माझी लोइस असती तर तिने मला आधीच सांगितलं असतं.

कसं सांगू त्याला? त्याच्या हातातून बंदूक काढून घेणं म्हणजे त्याला घरी बसवणं. चोपन्न वर्षं बरोबर येतोय तो.

शनिवार, ३१ डिसेंबर

सांगितलं. वाईट रीतीने सांगितलं. ब्रेंटसमोर.

सकाळी निघताना त्याने बंदुकीला हात लावला आणि माझा तोल गेला. दोन्ही गोळ्या टेबलावर आपटल्या. "या तुझ्या बंदुकीत होत्या! एकावर एक! मरायचंय का तुला?"

ब्रेंट काही बोलणार होता. विल्मरने हातानेच त्याला थांबवलं. गोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहतच राहिला. मला वाटलं भांडेल. भांडायला हवं होतं. म्हणाला, "ठीक आहे, मर्व. घे. माझी बंदूक पेटीत घालून गाडीत ठेव."

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी स्वतः कुलूप लावलं. मग एकटाच रानात गेलो. म्हणजे, मला वाटलं एकटा. वळून पाहिलं तर शंभर पावलांवर विल्मर, हातात काठी.

रविवार, १ जानेवारी १९९५

रविवारी शिकार बंद. ब्रेंटने डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी शिजवला, नव्या वर्षाचा. चव बरी होती. विल्मर नीट जेवला नाही. विचारलं, "मर्व, लोइस गेल्यापासून तू डॉक्टरकडे गेला होतास का?" म्हटलं, "माझं सोड, स्वतःचं बघ." ब्रेंट उठून बाहेर गेला.

सोमवार, २ जानेवारी

आजही विल्मर मागे. खोपीवर बस म्हटलं तर म्हणतो, "पाय मोकळे करतो."

बुधवार, ४ जानेवारी

तेच. चिडून ओरडलो, "मी काय पळून चाललोय?" नुसता हसला. वाईट वाटलं मग. त्याला रान सोडवत नाही, दुसरं काय. बंदूक नाही तर नाही.

गुरुवार, ५ जानेवारी

तीस पावलांवर हरिणी! आडवी उभी. रंजक घातली, घोडा चढवला, गाल दस्त्याला टेकवला... आणि मागून विल्मर खच्चून ओरडला! गेली उधळून.

आयुष्यात त्याला इतक्या शिव्या दिल्या नव्हत्या. तो धापा टाकत आला. चेहरा पांढराफटक. "गज घालून बघ, मर्व. एकदाच. माझ्यासाठी."

"मला शिकवतोस? बनवली कुणी ही?"

"मग मला बघू दे."

"हात लावू नकोस!"

नाही लावला त्याने. पण मी घोडा उतरवून रंजक झटकेपर्यंत समोरून हलला नाही. नळीच्या तोंडाशी उभा! अशी चूक पोरंसुद्धा करत नाहीत. त्याचं फारच बिघडलंय.

शुक्रवार, ६ जानेवारी

पाऊस. घरी परतलो. विल्मरची पेटीही माझ्याकडेच ठेवून घेतली. त्याला सोडायला गेलो तर अर्लीन दारात उभी होती. तिने मला जवळ घेतलं, खूप वेळ सोडलं नाही. बिचारी.

शनिवार, ७ जानेवारी

सकाळी साफ करायला माझी बंदूक बाकावर घेतली. गज सोडला. दुसरी खूण दोन बोटं वर.

आठवडाभर तिला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

विल्मरची पेटी उघडली. तिचा घोडा डाव्या बाजूला. असणारच, तो जन्माचा डावखुरा, मीच तशी घडवली. त्या गुरुवारी डाव्या खुंटीवरून काढून मी जी रिकामी केली तिचा घोडा उजव्या हाताला होता, माझ्या बंदुकीचा असतो तसा. अंगठ्याने खळगी पुसल्याचं आठवतंय.

विल्मरला फोन लावला. म्हटलं, ये आणि दोन्ही बंदुका घेऊन जा.

"निघालो," म्हणाला. काय झालं, ते विचारलंसुद्धा नाही.