पन्हळीवरचं डांबर

९ जून, सोमवार

मोठ्या खोलीत ओल! कपाटाच्या वर, भिंत पत्र्याला टेकते तिथे परातीएवढा पिवळट डाग. हात लावला तर चुन्याचा पापुद्रा बोटांना चिकटून आला. सत्तावीस वर्षं या घरात राहतेय, इथे कधी ओल आली नव्हती. यंदाच काय झालं?

आज कुणाशी बोलणं झालं नाही. दूधवालाही पिशवी कडीला अडकवून गेला.

११ जून

बोळात जाऊन वर बघितलं. पन्हळीला मध्येच झोळ पडलाय. पाऊस थांबून दोन तास झाले तरी तिथून टिपटिप चालूच. खाली मातीत ओळीनं खळगे. म्हणजे पाणी पाइपातून उतरतच नाही, काठावरून सांडतंय. भिंतीवर गंजाचे तांबडे ओघळ. हे काही कालपरवाचं नाही. पोस्टात होते तेव्हा सकाळी नऊला बाहेर, संध्याकाळी सातला आत. मान वर करून आपलं घर बघितलंय कधी? रिटायर होऊन वर्ष झालं तेव्हा कुठे ते दिसायला लागलं.

बोळाच्या पलीकडे शिवबाई अक्का भांडी घासत होत्या. मला बघून मान खाली घातली. मीही.

१२ जून

पाऊस. कपाट सरकवायचं होतं. एकटीला हललं नाही. कपाटातले कपडे काढून कॉटवर ठेवले, मी चटईवर.

१५ जून, रविवार

या पन्हळीवरूनच सगळं बिनसलं होतं. चार वर्षं झाली. तिचं पाणी बोळापलीकडे अक्कांच्या भिंतीवर उडायचं. अक्कांचे यजमान गुरुबसप्पा अण्णा — एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मिस्त्री — बोळात उभे राहून ओरडले, “बाई, तुमचं पाणी आमच्याकडं नको!”

तुमचं पाणी. हे दोन शब्द आमच्या आईनं, आजीनं कुठे कुठे ऐकलेत ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, “पाणी पाणीच असतं अण्णा. तुमचं-आमचं कसलं?” आणि खिडकी लावून घेतली. त्याआधी किती वर्षं अक्का त्याच खिडकीतून शेंगाचटणीची वाटी द्यायच्या. सगळं बंद.

यंदा फेब्रुवारीत अण्णा गेले. हार्ट. बाहेर माणसं जमली होती. मी चप्पल घातली. दारापर्यंत गेले. मग काढून ठेवली.

१७ जून

तिप्पण्णा आले. पत्र्याचं काम करतात, साठीचे असतील. वर चढले, पन्हळ चाचपून बघितली. मग बादलीभर पाणी मागवलं आणि पन्हळीच्या एका टोकाला ओतलं.

“बगा बाई, पाणी पळत न्हाय. मधीच बसतंय. उतारच गेलाय की.” मग सांधा खरवडत म्हणाले, “दरसाली डांबर कोन मारत हुतं?”

“कुणीच नाही.”

“आसं कसं? थरावर थर हाय. तीन तरी. पट्टीबी नवी ठोकल्याली. चांगल्या हाताचं काम हाय. यंदा तेवढं मारलं न्हाय, म्हनून फुटलं.”

मी म्हटलं, “तुमचा दुसऱ्या कुणाच्या घराशी घोळ होतोय.”

“आता तुमच्याच पत्र्यावर बसलोय की बाई!” हसले. मग बोळापलीकडे अक्कांच्या स्लॅबकडे हात केला. “तितनं एक फळी टाकली की मानूस हितं येतंय.”

मी पायरीवर बसले.

१८ जून

आपली भिंत वाचवायला केलं असणार अण्णांनी. दुसरं काय!

२० जून

काम संपलं. जाताना तिप्पण्णा म्हणाले, “मागची, सैपाकघरावरची पन्हळबी त्याच हातानं सांदलीय. ती मजबूत हाय, तिला लागलो न्हाय.”

मागचं पाणी माझ्याच अंगणात पडतं. अण्णांच्या भिंतीशी त्याचा काय संबंध?

२२ जून, रविवार

अक्कांच्या दारापर्यंत तीनदा जाऊन आले.

२४ जून

गेले एकदाची. अक्कांनी दार उघडलं. “या.” एवढंच. आतून पाण्याचा तांब्या आणला, पुढे धरला. मी प्यायले.

मग डांबराचं विचारलं.

“व्हय. मे महिन्यात करायचे. तुमी हापिसला गेल्यावर.”

“मला सांगायचं तरी, अक्का!”

“मी म्हनायची, सांगा की. तर म्हनायचे, बाईंनी खिडकी लावून घेतलीया. उघडली की सांगतो.”

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, “तेव्हा ते ‘तुमचं पाणी’ म्हणाले होते. कसलं पाणी, अक्का?”

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “पावसाचं का आनि कशाचं, मला न्हाय ठावं. आमच्या सासूच्या येळंला आमच्यात तसलं हुतं. खोटं कशाला बोलू? पर तुमी खिडकी लावली, तवा दोन दिस जेवले न्हाईत.”

आता कुणाला विचारायचं? मी रडले. अण्णांसाठी की स्वतःसाठी, कळत नाही. अक्का उठून चहा टाकायला गेल्या.

निघताना म्हणाल्या, मुलगा नंदीश रविवारी टेम्पो घेऊन येणार. त्याचं दुधनीला अडतीचं दुकान आहे. आता कायमचं तिकडेच. “एकटीनं काय करू हितं?”

मी म्हटलं, “बरोबर आहे.” दुसरं काय म्हणणार होते?

२६ जून

दुपारभर धो धो. भिंत कोरडी! पाणी पाइपातून सरळ खाली. बघत उभी राहिले — कुणाला सांगू? बरं वाटेल असं वाटलं होतं.

२७ जून

अक्का आपण होऊन आल्या. आम्ही दोघींनी कपाट जागेवर सरकवलं. अक्का धापा टाकत कॉटवर बसल्या आणि अण्णांचं एकेक सांगत राहिल्या. जेवायलाच थांबवून घेतलं. भाकरी दोघींनी थापल्या. चार वर्षं! काय केलं आपण हे?

२८ जून

अक्कांकडे बांधाबांध. मी डबे कागदात गुंडाळून दिले. “ऱ्हावा की अक्का” — ओठांपर्यंत आलं होतं. कुठल्या तोंडानं म्हणू?

२९ जून, रविवार

टेम्पो आला आणि रिकामा गेला. नंदीश दारात उभा राहून कानडीत बराच वेळ समजावत होता, अक्काही कानडीतच नाही-नाही म्हणत होत्या. मग माझ्याकडे बोट करून मराठीत बोलल्या, मला कळावं म्हणून — “हितं माझं मानूस हाय.”