दुपारचा आकडा

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ती. ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही ते फोडलंत, म्हणजे निम्मं काम झालं. तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका असं तुम्हाला सांगून उपयोग नाही, म्हणून सांगत नाही. इकडे सगळं ठीक. तुमचा भाऊ आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करत गावोगाव फिरतो, शनिवारी येतो, सोमवारी पुन्हा बॅग उचलतो. चिंगी चौथीत गेली. उंची वाढली, जीभ त्याहून जास्त. परवा मला म्हणाली, आई, तू बोलतेस कमी आणि उसासे टाकतेस जास्त.

मी अजून चष्म्याच्या त्याच दुकानात आहे. मागच्या खोलीत बसून काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. पत्रही इथेच लिहिते आहे, कारण दार लावून बसता येईल अशी एवढी एकच जागा माझ्याकडे आहे. मालकांना वाटतंय मी ऑर्डरी उतरवते आहे.

दोन वर्षांत एक फोन नाही आणि आज एकदम चार पानं, तेव्हा हिचं काहीतरी काम असणार असं तुमच्या मनात आलं असेल. आहे. पण तिथवर यायला मला जरा लांबचा रस्ता घ्यावा लागेल.

चिंगी पाच वर्षांची असताना तिचा मधुमेह निघाला, त्याला आता चार वर्षं झाली. लोक अजून विचारतात, बरी झाली का? जसा काही तो ताप आहे. तिच्या पोटातलं एक इंद्रिय कामावर येत नाही आणि त्याच्या जागी चार वर्षं मी हजेरी लावते आहे. बोट टोचायचं, आकडा बघायचा, ताटात काय आहे ते मनात तोलायचं, इन्सुलिन द्यायचं, वहीत लिहायचं. पुन्हा बोट. दुपारी बारा वाजता मी दुकानातून शाळेत जाते, जिन्याखालच्या खोलीत तिची साखर मोजते, इंजेक्शन देते, ती जेवायला पळते आणि मी परत काचांपाशी. चालत अकरा मिनिटं, भराभर चाललं तर नऊ. तुम्ही दहा दिवस हे सगळं बघितलं आहे, तुम्हाला जास्त सांगायला नको.

या जानेवारीपासून मला काहीतरी झालं. दुखत काही नव्हतं. सकाळी गजर वाजायचा आणि मला रडूही यायचं नाही, रागही यायचा नाही. मीटरवर अडीचशे दिसले तर मनात नुसतं 'अडीचशे' एवढंच उमटायचं. एकदा इंजेक्शनच्या डब्याऐवजी गिऱ्हाइकाचा चष्मा घेऊन शाळेत गेले. चिंगी पोट धरून हसली, मला मात्र डबा आणायला परत जायचं होतं आणि पायच उचलवेनात. तुमच्या भावाला म्हटलं, मी थकले. तो म्हणाला, रविवारी झोप काढ. तो वाईट नाही, तुमच्याच हाताखाली वाढला आहे. पण त्याच्या रविवारात माझा थकवा मावत नव्हता.

मग जूनमधल्या एका दुपारी जिन्याखालच्या खोलीत चिंगीने बोट पुढे केलं. बोटाच्या टोकावर टोचून टोचून काळे ठिपके झाले आहेत. माझा हातच उचलेना. मी म्हटलं, आज राहू दे. तिला दोनदा सांगावं लागलं, तिचा विश्वासच बसेना. अंदाजाने इंजेक्शन दिलं आणि उरलेला वेळ आम्ही गप्पा मारल्या. तिने वर्गाच्या बाईंची नक्कल केली. मी हसले ताई, कितीतरी महिन्यांनी. ती दहा मिनिटं मी नर्स नव्हते, नुसती आई होते. दुसऱ्या दिवशीही राहू दिलं. पुढच्या आठवड्यात दुपारचं मोजणं बंदच झालं.

पण वहीत दुपारचा रकाना होता. तो मोकळा कसा ठेवणार? मी आकडे मनाने लिहायला लागले. आणि सांगते, खोटे आकडे लिहायलाही अक्कल लागते. सगळेच चांगले लिहिले तर डॉक्टरीणबाईंना संशय येईल, म्हणून मी दुपारचे जरा चढेच लिहायची. १९०, २०५, १८८. कुणाचा वाढदिवस झाला की २४०. मधेच पेन बदलायची, एखादा आकडा खोडून पुन्हा लिहायची. परक्या माणसाच्या चष्म्याचा नंबर मी पावसुद्धा चुकू देत नाही, आणि हे मी पोटच्या पोरीचं करत होते.

जुलैत तपासणीला गेलो तेव्हा तुमचा भाऊ सुट्टी काढून सोबत आला होता. बाईंनी वही पानापानाने बघितली आणि म्हणाल्या, इतकी नेटकी वही ठेवणारी आई मी पाहिली नाही, इतर आयांना दाखवायला हवी. मग पेन्सिल दुपारच्या रकान्यावरून खाली नेली. दुपारची साखर रोजच चढते आहे, म्हणाल्या, सकाळचं इन्सुलिन चार युनिटचं पाच करू. ऑगस्टमध्ये पाचाचं सहा केलं.

तिथेच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण शेजारी तुमचा भाऊ माझ्याकडे असा कौतुकाने बघत होता की मी ते मिटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून, मी मनाने लिहिलेल्या आकड्यांवर उपाय म्हणून, माझ्याच हाताने तिला जास्तीचं इन्सुलिन द्यायला लागले. मनाची समजूत घातली की कुणी सांगावं, खरंच चढत असेल. मोजलं असतं तर कळलं असतं. मला कळायला नको होतं.

१८ सप्टेंबरला साडेअकराच्या सुमाराला चिंगी शाळेच्या जिन्यावरून पडली. हनुवटीला पाच टाके, पुढचा अर्धा दात गेला. खेळाच्या सरांनी उचलून समोरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा साखर एकेचाळीस होती. मी पोचले तर तिला सलाईन लावलेलं, डोळे उघडे, आणि मला बघून पहिलं काय म्हणावं, आई, तुझ्या केसांत काचेची पूड आहे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. साखर इतकी उतरली कशी हे त्यांना कळेना. त्यांनी चिंगीला विचारलं, छोट्या सुट्टीतला डबा खाल्ला होतास ना? चिंगीने आधी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "नाही. मैत्रिणीला दिला."

ताई, तिचं दप्तर माझ्याच मांडीवर होतं. डबा मी नंतर घरी उघडला. चाटूनपुसून खाल्लेला होता.

त्या दिवसापासून सगळ्यांना कारण सापडलं आहे. तुमच्या भावाने रात्री कामावरून धावत येऊन तिला दवाखान्यातच फैलावर घेतलं, जिवाशी खेळतेस का म्हणून. शाळेत बाई तिला आपल्या टेबलापाशी उभी करून सगळ्या वर्गासमोर डबा संपवायला लावतात. कामचोर म्हणतात तसं वर्गातली मुलं तिला 'डबाचोर' म्हणतात. ती मुकाट्याने खाते. आणि मी शेजारी उभी राहून ऐकते. खाल्लं मी आणि खवखवतंय तिला.

आता मी दिवसातून आठ वेळा मोजते. सकाळचं इन्सुलिन गुपचूप पुन्हा चारवर आणलं आहे, साखर नीट असते. पण फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर सहाच आहे आणि वहीतही मी सहाच लिहिते. एक खोटं होतं, त्याची दोन झाली. सांगवत नाही आणि सोसवतही नाही, अशी गत आहे. गेल्या रविवारी तुमचा भाऊ लवकर उठला, कागद वाचून सहा युनिट भरून चिंगीचा दंड धरून बसला. मी स्वयंपाकघरातून धावत जाऊन इंजेक्शन हातातून घेतलं, सुई वाकडी आहे म्हटलं. तो हसला. म्हणाला, तुला दुसऱ्या कुणाचं पटतच नाही, पुढच्या रविवारी मी तुला हात लावू देणार नाही, तू बाहेर जा, बागेत बस, जरा माणसात ये. चार वर्षांत त्याने पहिल्यांदा असं म्हटलं, आणि मला दिसलं ते एवढंच, की पुढच्या रविवारी तो कागद वाचून पुन्हा सहाच भरणार.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या तुमच्या ऑपरेशनच्या वेळचं. माझंच ऑपरेशन होतं, पण आठवणीत ते तुमचंच झालं आहे. तुम्ही स्वतःच्या घराला कुलूप लावून धावत आलात. दहाव्या दिवशी इंजेक्शन दिल्यावर चिंगी जेवायला नको म्हणाली, तुम्ही लाडाने तिला खेळायला सोडलंत, तिची साखर अठ्ठावन्नवर आली. रस पाजला, पाव तासात ती ठीक झाली. एवढंच झालं होतं. मी काय बोलले ते तुम्हाला आठवतं, मलाही आठवतं. आजवर मी स्वतःशी म्हणत आले की मी 'जरा जास्त बोलले'. जरा जास्त नव्हतं. मी म्हटलं होतं, तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार. तुम्ही बॅग भरलीत. चिंगी दारात उभी होती.

गेल्या रविवारीच, ते वाकड्या सुईचं झाल्यावर, मी आणि चिंगी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. मी तिला विचारलं, डबा तर तू खाल्ला होतास, मग नाही का म्हणालीस? ती चिमटे डब्यातून काढून माझ्या हातात देत होती, देत राहिली.

"दुपारचं आपण मोजत नव्हतो ना," ती म्हणाली. "ते कळलं असतं तर तुला पाठवून दिलं असतं. आत्या चुकली तेव्हा तू तिला पाठवून दिलंस. ती परत आलीच नाही. मला कुठे पाठवणार? मी तर लहान आहे."

मी तिला काय सांगणार होते? की तसं नसतं? आमच्या घरात तसंच असतं, ते मीच तिला शिकवलं आहे.

तर काम हे. परवा, गुरुवारी, तपासणी आहे. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायचं ठरवलं आहे आणि त्याआधी उद्या फोनवर तुमच्या भावाला. पण मी ठरवलेलं असं चार वेळा मोडलं आहे, तेव्हा माझ्यावर विसंबू नका. हे पत्र तुम्हाला शुक्रवारी मिळेल. तोवर त्याचा तुम्हाला फोन आला नसेल, तर समजा की माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. मग तुम्ही त्याला फोन करा आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा. रविवारच्या आत. तुम्ही माझं काही देणं लागत नाही, उलट हा भोग तुमच्या गळ्यात मारते आहे. पण त्याला ऐकावंच लागेल असं दुसरं माणूस मला माहीत नाही.

तो चिडेल. चिडू दे. डॉक्टरीणबाई माझ्या वहीला पुन्हा कधी नेटकी म्हणणार नाहीत. शाळेत जाऊन मी त्या वर्गासमोर सांगेन की डबा तिने खाल्ला होता. एवढं सगळं मला जमेल असं आत्ता, दार लावून बसल्यावर, वाटतं आहे.

आणि तुम्ही या. माझ्या मदतीला नको, मला क्षमा करायलाही नको. ती तुम्हाला करावीशी वाटली तर करा, नाहीतर राहू दे. चार दिवस नुसत्या येऊन राहा. चुकलेलं माणूस याच दारातून पुन्हा आत येतं, हे चिंगीने डोळ्यांनी बघायला हवं. माझ्या सांगण्यावर ती आता विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

बारा वाजत आले. शाळेत जायला हवं.

चुकलेली, आणि अजून घरातच असलेली,
तुमची भावजय