दुसऱ्या कडव्यापाशी

प्रिय चिमणे,

पप्पा पत्र लिहायला बसलेत हे पाहून तुझी आई दोनदा चष्मा पुसून गेली. गिऱ्हाइकांच्या मापांपलीकडे मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, हे खरंच. आम्ही दोघं बरे आहोत. दुकान आता दुपारीच बंद करतो. सुईत दोरा ओवायला आईला हाक मारावी लागते, आणि ती दर वेळी उपकार ऐकवते.

काल कपाट आवरताना तुझा निळा फ्रॉक सापडला आणि काम तिथेच राहिलं. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांची गादी करून तू बसायचीस आणि मशीनच्या तालावर गायचीस. मी पाय थांबवला की तूही थांबायचीस, म्हणून मी मुद्दाम मध्येच थांबायचो. गिऱ्हाइकं विचारायची, "मास्तर, रेडिओ लपवलाय कुठे?" शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याचा सराव असे. ऑर्गनच्या बाकावर माझ्या शेजारी बसून तू पानं उलटायचीस, तीही माझ्या मानेकडे बघून, बरोबर वेळेवर. तसं सुख पुन्हा लाभलं नाही.

निळा फ्रॉक मी चर्चच्या पन्नासाव्या वर्धापनदिनासाठी शिवला होता. तू पंधरा वर्षांची होतीस, आणि एक गीत तुझं एकटीचं होतं. दुसऱ्या कडव्याला वरच्या सुरावर तुझा आवाज फाटला. तू तो पुन्हा उचललाही असतास. मी ऑर्गनवरून हात काढले आणि भरल्या चर्चमध्ये म्हणालो, "बस खाली. दुसऱ्या कुणीतरी म्हणा." तू बसलीस आणि फ्रॉकची किनार चाचपत राहिलीस. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "लोकांना काय वाटेल ते बघितलंत. पोरीकडे नाही बघितलंत." मी उलट तिलाच सुनावलं, की धाकाशिवाय गळा तयार होत नाही.

पुढे तू हसलीस, भांडलीस, नर्स झालीस, संसार थाटलास. गायली मात्र नाहीस. पोर मोठी झाली, आवडी बदलल्या, अशी मी मनाची समजूत घातली. दोन वर्षांपूर्वी आई तुझ्या बाळंतपणाला राहून आली आणि सहज बोलून गेली, की तू बाळाला अंगाई गात नाहीस, गोष्ट सांगावी तशी नुसती म्हणतेस. त्या दिवशी मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

गेल्या महिन्यात उपासनेत माझी बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडली आणि ऑर्गन गप्प झाला. तेवढ्यात बेकरीवाल्या काकूंनी सूर धरला, मागोमाग सगळी मंडळी गाऊ लागली, आणि मला वाट सापडेपर्यंत त्यांनी गीत पडू दिलं नाही. मला कुणी खाली बस म्हणालं नाही.

उपासना संपली तरी मी उठलो नाही. प्रभूसमोर चाळीस वर्षं नुसती गाणी वाजवली होती, बोललो कधीच नव्हतो. त्या दिवशी तुझं नाव घेऊन बोललो. रडू आवरेना. पाळकसाहेब शेजारी येऊन बसले. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, देव मला माफ करेल का? ते म्हणाले, "त्याने केलंय, मास्तर. मुलीकडे कधी मागणार?" मी म्हणालो, "तिला आता आठवतही नसेल." म्हणाले, "तुम्हाला आठवतंय ना?" घरी येताना छाती हलकी झाली होती, पण टाळाटाळ करायला जागा उरली नव्हती. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं.

मी आता ऑर्गन सोडतोय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चची मंडळी मला निरोप देणार आहे. भाषणं होतील, कौतुक होईल, मग मला बोलायला सांगतील. त्या वर्धापनदिनाचे निम्मे लोक अजून येतात. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचंय, की तेव्हा चुकलो मी, पोर नव्हे. पण ती गोष्ट तुझीही आहे. तुला न विचारता सांगितली, तर पुन्हा तुला सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं होईल. म्हणून हे पत्र. तू नको म्हणालीस तर नुसते आभार मानेन. निरोपाला ये, असं म्हणायचा मला हक्क नाही, आणि गा असं तर कधीच म्हणणार नाही. माफी मात्र त्या रविवारपर्यंत ठेवत नाही. ती इथेच मागतो, तुझ्या एकटीपुढे. मला माफ कर, बाळा.

तुझाच,
पप्पा