भिंतीवरचा माझा आफ्टर

३ जानेवारी
आजपासून रोज जिम. वजन ८१, चरबी २८ टक्के. जिममध्ये एक मशीन आहे, त्यावर अनवाणी उभं राहिलं की सगळं कळतं. कोचने 'बिफोर'चा फोटो काढला. वर्षभरात ज्याच्यात जास्त बदल, त्याचं पोस्टर जिमच्या दर्शनी भिंतीवर. ती भिंत माझी! आजवर माझा फोटो फक्त ओळखपत्रावर लागलाय. माझ्याबरोबरच नाव घातलेल्या मेहुण्याने विचारलं, भावजी, भिंत पेलेल ना? हसतील त्याचे दात दिसतील.

१९ जानेवारी
चार दिवस गेलो. पैकी एकदा जिम बंद.

२ मार्च
फेब्रुवारीत जमलं नाही. दुकानात सेल. पण गिऱ्हाइकांच्या पायाशी दिवसभर ऊठबस, म्हणजे बैठकाच की. बावीस वर्षं बुटांच्या दुकानात आहे. माणूस दारात शिरला की नंबर सांगतो.
सहज मशीनवर चढलो. वजन ८४, चरबी २४! म्हणजे वाढला तो स्नायू. कोच चाट पडला. म्हटलं, मेहनतीला पर्याय नाही.

११ मे
अंगठी गेल्या वर्षीपासूनच घट्ट होती, आज निघेचना. साबण झाला, तेल झालं. ही म्हणाली, बोटं सुजलीत, डॉक्टरला दाखवा. म्हटलं, याला सूज नाही, पकड म्हणतात. त्या आनंदात केकचे दोन तुकडे.

२० जुलै
आठ नंबरचे बूट चावतात. मालकांना सांगितलं, कंपनीने साचे बदललेत, माल आखूड येतोय. त्यांनी मापाची पट्टी पुढे सरकवली, म्हणाले, मोजा. मोजलं नाही. जगाचे पाय मोजले, मला माझा नंबर माहीत नाही होय? नऊ नंबर घालून घरी आलो. कंपनीचीच चूक.

४ सप्टेंबर
चरबी २१. घाम फार येतो; ती चरबीच बाहेर पडतेय. घोरण्याला कंटाळून ही उशी घेऊन हॉलमध्ये गेली.
बरणीचं झाकण उघडेना. हाताला मुंग्या. मेहुण्याने दोन बोटांनी उघडलं. माझे स्नायू नवीन आहेत, अजून रुळायचेत.

३१ डिसेंबर
जिंकलो!! चरबी १९, वजन ८८. पोस्टर लागलं, दार उघडताच मी. वर्षभरातली हजेरी सव्वीस दिवस, पण कोच म्हणाला, क्वालिटी महत्त्वाची.
हिला मुद्दाम दाखवायला नेलं. दोन्ही फोटोंकडे बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच विचारलं, अहो, ही हनुवटी कुणाची? म्हटलं, निश्चयी माणसाची.

९ जानेवारी
जिमला येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पोस्टर पाहून फोन केला. वाटलं, डाएट विचारतील. विचारलं काय, तर बुटाचा नंबर वाढलाय का? अंगठी निघते का? मी दोन्हींना उलटं सांगितलं. हिने फोन हिसकावून खरं सांगितलं. फितूर!

२ फेब्रुवारी
मेंदूच्या तळाशी गाठ. मटाराएवढी. कित्येक वर्षं वाढीचं हार्मोन नको इतकं सोडतेय. चरबी तिने वितळवली. वाढलेल्या स्नायूंत पाण्याचाच भरणा जास्त. विचारलं, जिमचा काहीच वाटा नाही? बाईंनी रिपोर्टात डोकं घातलं. तशीच ठेवली तर हृदयावर येईल म्हणाल्या.
ही तिथेच रडायला लागली. मला भीती वाटली. खूप वाटली.
आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या जिवावर केली होती, तीही मटाराने केली.

२० मार्च
ऑपरेशन झालं. नाकातून. गाठ पूर्ण निघाली. ही दिवसभर हात सोडत नव्हती.

१४ जून
वजन ८३, चरबी २७. पोट माहेरी परत आलं. अंगठी आज साबणाशिवाय निघाली. हिने ती मुठीत धरून आधी रडून घेतलं, मग हसत परत घातली. हाडं मात्र मागे येत नाहीत म्हणे. दुकानात पट्टीवर पाय ठेवला, पहिल्यांदाच. नऊ. मालकांनी पट्टी गुपचूप उचलून ठेवली, भला माणूस.
जिमच्या रिकाम्या झालेल्या भिंतीवर आता दुसरा आलेला मेहुणा.
माझं पोस्टर डॉक्टरीणबाईंनी मागून नेलं होतं, इतर पेशंटना दाखवायला. संमतीची सही मीच ऐटीत दिली होती. आज तपासणीला गेलो तर दवाखान्याच्या भिंतीवर मी! जुना 'बिफोर' कापून टाकलाय. जिंकलेल्या फोटोखाली लिहिलंय 'बिफोर'. आणि शेजारी गेल्या आठवड्यातला, सुटलेल्या पोटाचा, त्याखाली 'आफ्टर'.