डोक्याशी उभा असेल त्याने मोजायचं

४ मार्च
आज ब्रदर म्हणून रुजू झालो. मानेच्या मणक्यांचा वॉर्ड, सहा खाटा, लख्ख फरशी, चहाही बरा. मोठ्या सिस्टरांनी पहिलाच धडा दिला: पेशंटची कूस चौघांनी मिळून बदलायची. डोकं धरणाऱ्यानेच मोजायचं, तेही डोकं घट्ट धरल्यावर. तीन म्हटलं की बाकीच्यांनी एकदम वळवायचं. आईला फोनवर सांगितलं, तुझा लेक आता माना सांभाळतो. म्हणाली, आधी स्वतःची सांभाळ.

७ मार्च
तिसऱ्या खाटेवर एक गवंडी आलाय. परांचीवरून पडला, मानेचा मणका मोडला. पाय हलत नाहीत, पण हाताची बोटं चालतात. उद्या सर्जन मज्जारज्जूवरचा दाब काढून पट्टी नि स्क्रू बसवणार. थापी धरता आली म्हणजे झालं, एवढंच त्याचं मागणं. डोक्याशी मी असतो. माझं मोजणं ऐकून हसतो, म्हणतो शाळेतली कवायत आठवते.

८ मार्च
सकाळी कूस बदलताना त्याची मान सरकली. ऑपरेशन नीट पार पडलं, बोटं मात्र हलेनाशी झाली. सर्जनने खोदून विचारलं. मी सांगितलं, डोकं घट्ट धरलं होतं. बाकीचे तिघं अंगाकडे बघत होते. विषय मिटला.

१५ मार्च
गवंडी गेला. छातीत कफ भरला, खोकायची ताकद नव्हती. शेवटपर्यंत माझ्या हातांकडे बघत होता.

१७ मार्च
भर दुपारी तिसऱ्या खाटेवरून मोजणी ऐकली. खाट रिकामी. एक, दोन — पुढे काही नाही. आवाज त्याचाच. सिस्टर म्हणतात, झोप काढा. मला भीती वाटतेय.

२० मार्च
खरं लिहितो. त्या सकाळी चहा निवत चालला होता, मी घाई केली. तीन म्हणालो तेव्हा माझे हात डोक्यापर्यंत पोचलेच नव्हते.
आता तो जिन्यातही मोजतो. एक, दोन — अगदी मानेमागे —

२२ मार्च
जिन्यावरून पडलो. तिसरी खाट. तोच मणका. पाय हलत नाहीत. बोटं चालतात, म्हणून लिहितोय, वही छातीवर. दुपारी ऑपरेशन. आई बाहेर बसलीय.
कूस बदलायला आले. तिघांनी अंगाला हात घातलेत. डोकं धरणाऱ्या सिस्टर अजून दारात, हातमोजे चढवताहेत.
मोजणी — त्याचा आवाज — एक, दोन —
तिघांनाही ऐकू येतंय — वळवायला वाकले —
आज तो दोनवर थांबत नाही — थांबा, माझं डोकं अजून कुणी धर