बेंटलीचा मागचा पत्रा

नागपूर, ८ मार्च १९९९

ती. उमेराआपास,
धाकट्या भावाचा सलाम, वि. वि.

अब्बांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे गेल्याचं कळलं. बिड्या बंद आहेत ना?

आता गंमत ऐक. आमच्या गॅरेजात जुनी बेंटली आली आहे. सावली गावच्या मालगुजारांची, मोहाचं झाड पडून जिची पाठ चेपली होती आणि अब्बांनी जी पुन्हा घडवली, तीच! मी आधी तिला सलाम केला.

नवे मालक पुस्तक घेऊन आले. त्या काळी कंपनी सांगाडा न् इंजिन द्यायची, बॉडी दुसरे कारागीर हातानं चढवायचे. त्यातल्या मुलिनरची बॉडी आणि जेम्स यंगची बॉडी सख्ख्या बहिणी वाटतात. यंगच्या दाराच्या मुठीला चौकोनी बटण असतं, या गाडीलाही आहे. पण मागचा उतार मुलिनरचा! अब्बांनी मासिकातला फोटो पाहून ठोकला आणि फोटो दुसरीचा निघाला. उस्तादही चुकतात तर.

मालकांना मूळ रूप हवंय. मागचा भाग कापून नवा बसवायचं काम माझ्याकडे आलंय, पुढच्या सोमवारी कापतो. अब्बांना सांगायचं का, ते तूच ठरव.

लहान समजून लोभ करत जा.
जिशान


घुग्घुस, ११ मार्च १९९९

चि. जिशान यास,
अनेक दुआ, वि. वि.

बिड्या बंद आहेत, शिव्या सुरू आहेत.

पत्र मी अब्बांना वाचून दाखवलं. हसतील वाटलं होतं, ते रडले. म्हणाले, चूक मले तेव्हाच समजली होती, पण ते काम काऊन तोडू?

बाहेरून ठोकताना आतून लोखंडाची डॉली धरायला माणूस लागतो, हे तुला काय सांगायचं. याच गाडीच्या वेळी त्यांचा जोडीदार तापानं पडला, तेव्हा पंधरा दिवस अम्मीनं डॉली धरली. तू पोटात होतास. कानात कापूस घालून ती डिकीत बसायची, मला पाहून हसायची. महिन्याभरात तुझ्या बाळंतपणात ती गेली. मग अब्बांनी त्या पत्र्याला हात लावला नाही.

आता नजर नाही, पण त्यांना एकदा त्यावर हात फिरवायचा आहे. मालकांच्या हातापाया पड, पण थांब. बूथवरून दोनदा फोन केला, गॅरेजचा लागतच नाही. बुधवारी अब्बांना घेऊन येते.

तुझ्या लोभाची भुकेली,
उमेराआपा


नागपूर, १५ मार्च १९९९

ती. उमेराआपास,
सलाम, वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मालकांना घाई होती, मी शनिवारीच कटर चालवला. सफाईदार कापलं म्हणून त्यांनी पाठ थोपटली.

पत्र वाचून भंगारवाल्याकडे धावलो. त्यानं सगळा माल दाबून कालच ट्रकनं पाठवला होता.

अब्बांना आणू नकोस, हे वेळेत कळावं म्हणून पत्र घुग्घुसला निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. गाडी मालक घेऊन गेले म्हणून सांग. नको, खोटं सांगू नकोस, मला काही सुचत नाहीये. आपा, मी अम्मीला पाहिलं नाही, तिचा आवाज ऐकला नाही. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं आणि ते मी तासाभरात कापून टाकलं. बुधवारी मीच येतो. अब्बांना माझ्या तोंडूनच कळू दे.

लोभ मागायला तोंड नाही, तरी ठेव.
जिशान