अमेरिकेचा फोन, आंधळगावचं सिम

आंधळगाव, दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

डोकं तापलं आहे. अमेरिकेहून आलेल्या दिरानं मला फोन दिला. "वहिनी, आता साड्यांचे फोटो थेट गिऱ्हाइकाले पाठवा," म्हणाला. काल सासूबाईंनी तो हातमागासोबत पूजेत मांडला, काचेवर कुंकू लावलं. आज भंडाऱ्याला जाऊन सिम टाकलं, तर ते चालेचना.

दुकानदार म्हणाला, "फोन चांगला आहे ताई, पण लॉक आहे. तिकडच्या कंपनीचंच सिम घेते. तिकडूनच खोलून घ्या लागते."

घरी येऊन दिराला विचारलं. "अरे हो, खोलून घ्यायचं राहूनच गेलं," तो म्हणाला, स्वतःच्या फोनमधून मान वर न करता. "वायफायवर चालवा न." आमच्या घरी वायफाय कुठलं? आणि माहीत होतं तर असा काहून दिला? त्याला नकोसा झाला म्हणून?

"मंग परत घेऊन जा अन् खोलून पाठवा," मी म्हटलं. तर सासूबाई मधेच बोलल्या, "पूजेतली वस्तू परत देत नाही." तेच ते कुंकू. अजून काचेवर आहे, आणि त्याच्याखाली लिहून येतं, सेवा उपलब्ध नाही. मी तर पुसणार नाही.

उद्या सकाळी दीर निघेल. त्याच्या बायकोसाठी मी स्वतः विणलेली कोसा रेशमाची साडी त्याच्या बॅगेत आहे.

ती काल पूजेत नव्हती. चहा ठेवायच्या आधी काढून घेईन.